क्रोझांची नदी, कोपऱ्यातली सही

(जुनी चित्रं, फ्रेमा आणि कॅनव्हासची दुखणी यांबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना आमच्या स्तंभलेखिका उत्तरं देतात. तैलचित्रांची दुरुस्ती आणि जतन हा त्यांचा व्यवसाय.)

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही मूळचे साताऱ्याचे. नोकरीमुळे गेली काही वर्षं फ्रान्समध्ये क्लेरमाँ-फेराँला राहतो. सुट्टीत क्रूझ जिल्ह्यात फिरायला गेलो होतो, तिथल्या एका गावात जुन्या वस्तूंच्या दुकानात माझ्या बायकोला नदीचं एक तैलचित्र फार आवडलं. मागे जांभळ्या-नारिंगी टेकड्या, डावीकडे उंचावर किल्ल्याचे पडके बुरूज, खाली काठोकाठ भरलेली संथ नदी आणि तिच्यात सगळ्याचं प्रतिबिंब. खाली डाव्या कोपऱ्यात लाल रंगात 'गियोमँ' अशी सही आहे. चित्राशेजारच्या चिठ्ठीवर लिहिलंय : 'क्रोझां येथील क्रूझ नदी, अंदाजे १८९८, पोस्ट-इम्प्रेशनिस्ट, गियोमँच्या शैलीत, कॅनव्हासवर तैलरंग, ५४ × ६५ सें.मी.' दुकानदार तोंडाने मात्र सांगतो की हे खुद्द आर्माँ गियोमँचंच आहे, कागदपत्रं करायला वेळ लागतो म्हणून स्वस्तात काढतोय. १४,००० युरो म्हणतो. बायको म्हणते, घेऊ या, पुढेमागे साताऱ्याच्या घरात लावू. सासरे फोनवर म्हणाले, एवढ्या पैशात गावाकडे गुंठाभर जागा येईल. समोरचा, पाठीमागचा आणि सहीचा जवळून काढलेला असे फोटो पाठवतो आहे. घ्यावं का?
– एक वाचक, क्लेरमाँ-फेराँ

उत्तर : वहिनींची नजर चांगली आहे आणि सासऱ्यांचा हिशेबही. गुंठ्याचं नंतर बघू, आधी नदी बघू.

दुकानदाराचा सगळा भर नावावर आहे. मी मात्र पहिला फोटो उघडून बराच वेळ नुसतं पाणी बघत बसले, कारण क्रोझांच्या पाण्यावरून साल ओळखता येतं. क्रूझ आणि सेदेल या दोन नद्या जिथे मिळतात तिथे मधे खडकाची एक सोंड पुढे आलेली आहे, तिच्यावर तुमच्या चित्रातला तो पडका किल्ला. गियोमँ इथे पहिल्यांदा आला १८९२ मध्ये. पॅरिसमध्ये १८४१ साली जन्मलेला हा माणूस. तरुणपणी पॅरिस-ओर्लेआँ रेल्वे कंपनीत कारकुनी केली, नंतर पूल आणि रस्ते खात्यात गेला, आणि नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात चित्रं काढली. १८७४ च्या पहिल्या इम्प्रेशनिस्ट प्रदर्शनात मोने, पिसारो, सेझान यांच्याबरोबर याचीही चित्रं होती. पण बाकीच्यांची नावं झाली आणि हा कचेरीत जात राहिला. मग १८९१ मध्ये त्याला १ लाख फ्रँकची लॉटरी लागली. (चित्रकाराच्या चरित्रात असं काही घडलं की मला उगाच आनंद होतो.) नोकरीला रामराम ठोकून तो हवं तिथे जायला मोकळा झाला आणि क्रोझांला जो चिकटला तो म्हातारपणापर्यंत येत राहिला.

त्याच्या क्रोझांच्या चित्रांत नदी कशी आहे? उथळ. खडकांची डोकी वर आलेली, त्यांच्याभोवती पांढरा फेस, मधेच पाणगिरणीसाठी घातलेला बुटका बांध, त्यावरून घसरणारं पाणी. कोणीही मधल्या दगडांवरून पलीकडे जाईल अशी. त्याच्याआधी तीन वर्षं, म्हणजे १८८९ मध्ये, मोने वरच्या अंगाला फ्रेसलीनला येऊन राहिला होता, कवी मोरीस रोलिनाच्या आग्रहावरून. त्याच्या चित्रांतही नदी अशीच दगडाधोंड्यांतून जाते. तिथला एक किस्सा सांगायचा मोह आवरत नाही. मोनेने हिवाळ्याच्या शेवटी एक निष्पर्ण ओक रंगवायला घेतला. पावसाने काम लांबलं, मे उजाडला आणि झाडाला पालवी फुटली. पठ्ठ्याने जमिनीच्या मालकाची परवानगी काढली, माणसं लावून झाडाची सगळी पानं खुडून घेतली आणि हिवाळा पुरा केला!

असो. पुढे १९२२ ते १९२६ या काळात खालच्या अंगाला एग्यूझोंचं धरण झालं. ६१ मीटर उंच, त्या काळी युरोपातल्या मोठ्या धरणांपैकी एक. त्याचं पाणी मागे चढत थेट क्रोझांच्या किल्ल्याच्या पायथ्याशी आलं. खडक, बांध, गिरण्या, नदी पायी ओलांडायच्या जागा, सगळं खाली गेलं. उजनीच्या पाण्यात पळसदेवचं देऊळ गेलं, तसंच हे समजा. आणि ही वीज कोणासाठी होती? पॅरिस-ओर्लेआँ रेल्वेच्या गाड्या विजेवर चालवण्यासाठी. गियोमँने जिथे कारकुनी केली, त्याच कंपनीपायी त्याची नदी बुडाली. धरण भरलं तेव्हा तो ८५ वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी, जून १९२७ मध्ये गेला.

आता तुमचा फोटो पुन्हा बघा. किल्ल्याच्या खडकाच्या पायथ्याशी या काठापासून त्या काठापर्यंत सपाट, भरलेलं पाणी. एक दगड वर नाही, फेसाचा एक ठिपका नाही. ही नदी नाही, हा धरणाचा फुगवटा आहे. 'अंदाजे १८९८' मध्ये हे दृश्य तिथे नव्हतंच.

बांधाच्या मागे पाणी साठून छोटे संथ डोह तेव्हाही व्हायचे, ही गोष्ट मी विसरलेले नाही, आणि चित्रकार मनचं पाणीही घालू शकतो. म्हणून उजवीकडची टेकडीही बघा. गियोमँच्या काळात त्या टेकड्यांवर मेंढ्या चरत. झाडं विरळ, आणि उन्हाळा सरताना सगळा उतार हेदरच्या झुडपांनी जांभळा होई. त्याचा तो सुप्रसिद्ध जांभळा रंग कल्पनेतला नाही, टेकडीवरचा आहे. पुढे गावं ओस पडली, मेंढ्या गेल्या, आणि रान माजलं. तुमच्या चित्रात जांभळा वरच्या कडेला चिमूटभर उरलाय. खाली पाण्याच्या रेषेपर्यंत दाट झाडी उतरली आहे. पाणी आणि झाडी दोन्ही एकच गोष्ट सांगतात : हे चित्र १९२६ नंतरचं, माझ्या मते १९३० च्या दशकातलं किंवा त्याहीनंतरचं.

आता सही.

तुम्ही सहीचा फोटो इतका जवळून काढला आहे की मला भिंग लागलं नाही, शाबासकी घ्या. तैलरंग वाळून जुना झाला की त्याला बारीक चिरा पडतात. चित्रकाराने चित्र संपवून लगेच सही केली असेल, तर खालचा रंग आणि सही एकत्र म्हातारे होतात आणि चीर दोघांच्या अंगातून सारखी जाते. तुमच्या फोटोत पहिल्या अक्षराच्या पोटातून एक चीर गेली आहे. तिथे लाल रंग फुटलेला नाही, उलट चिरेच्या आत ओघळून बसला आहे, आणि एका जागी तर वरून पूल बांधल्यासारखा पलीकडे गेला आहे. म्हणजे चिरा पडून गेल्यावर, कित्येक वर्षांनी, कोणीतरी ओली सही केली.

इथवर माझा आवाज शांत होता. पुढचं पाहिल्यावर राहिला नाही. सहीच्या भोवती दोन बोटं लांबीच्या पट्ट्यात चकाकी मेली आहे, रंग खरवडून पातळ झालाय, कॅनव्हासच्या धाग्यांची टोकं उघडी पडली आहेत. आणि शेवटच्या अक्षराच्या उजवीकडे, जरा खाली, गडद निळसर रंगाची एक बारकी शेपटी शिल्लक आहे. ती लाल सहीची नाही. तिथे आधी दुसरं नाव होतं. कोणीतरी ते खरवडून काढलं आणि जास्त पैसे देणारं नाव वर बसवलं. खोटी सही म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूक, एवढंच लोक म्हणतात. पण ज्या माणसाने थंडीत त्या काठावर उभं राहून हे पाणी रंगवलं, त्याला त्याच्याच चित्रातून हाकलून दिलंय, त्याचं काय?

तो कोण असेल? क्रोझांच्या आसपास कित्येक दशकं चित्रकारांची वर्दळ होती. गावातल्या लेपिना हॉटेलात ते उतरत, आज तिथे त्या चित्रकारांची माहिती देणारं केंद्र आहे. सगळ्यांना मिळून 'क्रोझां स्कूल' म्हणतात. शाळा-बिळा काही नव्हती, एकाच खोऱ्यात रंगवत असत इतकंच. त्यातल्या पॉल मादलीनला मी यादीतून काढते, तो १९२० मध्येच वारला, त्याने हे पाणी पाहिलंच नाही. आल्फ्रेड स्मिथ १९३६ पर्यंत होता. लिमोजकडचा युजेन आल्युओ १९४७ पर्यंत. लेआँ देत्रुआ तर १९५५ पर्यंत. यांच्याशिवाय हौशी मंडळी किती असतील याला गणती नाही. शेपटीचं अक्षर शेवटी येणारं नाव या यादीत आहे, हे तुम्ही रोमन लिपीत लिहून पाहिलंत तर लगेच दिसेल. पण एका शेपटीवरून बारसं करायची माझी तयारी नाही. आज दुकानदार गियोमँ म्हणतोय, उद्या मी दुसरं नाव म्हणेन, मग आमच्यात फरक काय उरला?

पाठीमागच्या फोटोत फारसं रडगाणं नाही. लाकडी चौकटीला कोपऱ्यांत पाचरी आहेत, खिळे गंजलेले आणि आपल्या मूळ जागी दिसतात, कॅनव्हास नंतर दुसऱ्या कापडावर चिकटवलेला नाही. ५४ × ६५ हा फ्रान्समधला ठरीव माप-क्रमांक आहे, '१५ फिगर'. माणसांच्या चित्रांसाठीचं माप, पण निसर्गचित्रवालेही ते सर्रास वापरत. फ्रेमवर चिकटवलेलं लिमोजच्या फ्रेमवाल्याचं फाटकं लेबल मात्र पुरावा म्हणून कोणी तुमच्यापुढे नाचवलं तर हसून सोडून द्या. ते फ्रेमचं लेबल आहे, चित्राचं नाही, आणि फ्रेमा घरं बदलत असतात.

अजून खात्री हवी असेल तर दोन गोष्टी. एक तुम्ही स्वतः करू शकता : ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च घ्या (डोळ्यांना तिचा चष्मा लावून), दुकानदाराला विचारून खोली अंधारी करा आणि सहीवर मारा. जुनं राळेचं वॉर्निश हिरवट उजळतं. त्याच्यावर नंतर लावलेला रंग काळपट डाग होऊन वर तरंगतो. दुसरी गोष्ट जाणकार दुरुस्तीकाराकडून करून घ्यायची : पांढऱ्या रंगात टायटॅनियम आहे का ते क्ष-किरणांच्या हातातल्या यंत्राने, चित्राला न खरवडता, तपासायचं. टायटॅनियम व्हाइट चित्रकारांच्या ट्यूबमध्ये आला १९२० च्या दशकात. १८९८ च्या चित्रात मूळ रंगात तो निघाला की संपलं. नामवंतांच्या नावाने नकली चित्रं करणारा जर्मनीचा वोल्फगांग बेल्त्राकी इथेच सापडला. कांपेनडोंक या जर्मन चित्रकाराचं १९१४ चं म्हणून त्याने रंगवलेलं एक चित्र २००६ मध्ये २८ लाख युरोंच्या वर गेलं होतं, त्यात टायटॅनियम निघाला. जुना कॅनव्हास, जुन्या फ्रेमा, सगळी काळजी घेणारा माणूस, पण बाजारातून तयार ट्यूब आणली आणि तिच्यावर टायटॅनियमचा उल्लेख नव्हता. २०११ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच तपासणीत अवरक्त प्रकाशात खरवडलेल्या नावाचा फोटोही काढून घ्या. कधी कधी कागदावरच्या खोडलेल्या अक्षरासारखं नाव अंधुक वर येतं.

आता दुकानदाराच्या चिठ्ठीकडे या. मला ती फार आवडली. लाल अक्षरात ठळक सही असलेल्या चित्राच्या चिठ्ठीत सहीचा उल्लेखच नाही! हे विसरभोळेपणातून झालेलं नाही. फ्रान्समध्ये ३ मार्च १९८१ चा एक सरकारी हुकूम आहे, कलावस्तू विकताना कोणत्या शब्दाचा किती भार विक्रेत्याच्या डोक्यावर येतो ते त्यात बांधून दिलंय. चित्रकाराचं नुसतं नाव लिहिलं, तर चित्र त्याचंच आहे ही हमी झाली. अमुकची सही आहे असं लिहिलं, तरीही हमी झाली, विक्रेत्याने शंका स्पष्ट नोंदवली नसेल तर. 'अमुकचं असावं' या अर्थाचा ठरलेला शब्द वापरला, तर चित्र त्या चित्रकाराच्या काळातलं आहे आणि त्याचंच असण्याला भक्कम आधार आहे, इतकी हमी. एखाद्या गावाच्या नावाने 'स्कूल' म्हटलं, तर काळ सांगावा लागतो आणि चित्रकार त्या गटातला असावा लागतो. आणि 'शैलीत', 'धर्तीवर', 'पद्धतीने' म्हटलं तर? कसलीच हमी नाही. म्हणजे तोंडाने गियोमँ आणि कागदावर शून्य.

पण एका जागी तो घसरला. 'अंदाजे १८९८' हे त्याने लिहून ठेवलंय. त्याच हुकुमाप्रमाणे गिऱ्हाइकाने मागितलं तर विक्रेत्याला आपण सांगितलेल्या सगळ्या गोष्टी, वस्तूचं स्वरूप, मूळ, वय, बिलावर लिहून द्याव्या लागतात. तेव्हा शनिवारी दुकानात जा, हसतमुखाने कॉफी प्या आणि म्हणा : बिलावर 'आर्माँ गियोमँ, १८९८' लिहून द्या, पैसे आज देतो. तो लिहून देणार नाही. त्याला घाम फुटलेला वहिनींना बघू दे, मग भाव करायला त्या पुढे होतील.

कारण भाव करायचा आहे. १४,००० हा आकडाच मला खटकतो. गियोमँची क्रोझांची खात्रीची चित्रं या मापात लिलावात याहून बऱ्याच वर जातात. खरं असतं तर जाणत्या दुकानदाराने ते एवढ्या किमतीत सोडलं नसतं, गियोमँ समितीकडे पाठवून तो वर्षभर थांबला असता. (१९७१ चं सेरे आणि फाबियानी यांचं त्याच्या चित्रांचं सूचीपुस्तक आहे, मोठ्या कला-ग्रंथालयात बघायला मिळतं. त्यात नसलेल्या चित्रांसाठी ही समिती.) आणि नाव नसलेल्या क्रोझांच्या चित्राला १४,००० कोणी देत नाही. म्हणजे आकडा मुद्दाम अधेमधे ठेवलाय, 'आपल्याला घबाड लागतंय' असं गिऱ्हाइकालाच वाटावं इतका. अनोळखी हाताचं, पण नीट रंगवलेलं, मूळ चौकटीवरचं चित्र म्हणून माझ्या अंदाजाने दीड हजार युरोपर्यंत ठीक. खरवडलेलं नाव तपासणीत वर आलं आणि ते ओळखीचं निघालं, तर जरा अधिक. लिलावात असंच एखादं बघायला गेलात तर लक्षात ठेवा, हातोडा पडतो तो आकडा शेवटचा नसतो. त्यावर घेणाऱ्याकडून साधारण पाव हिस्सा, कधी अधिक, फी घेतात.

चित्र वाईट नाही, हे मुद्दाम सांगते. पाणी रंगवताना त्याने लांब, आडवे, सलग हात मारले आहेत, टेकडीचं नारिंगी पाण्यात उतरताना अर्ध्या छटेने थंड केलंय आणि बुरुजाचं प्रतिबिंब एका जागी वाऱ्याने मोडलंय. ते मोडणं शिकवून येत नाही. गियोमँचा हात असा नाही. तो आखूड, तिरपे, स्वल्पविरामासारखे फटकारे मारतो आणि रंगांना कधी कधी दातओठ खाऊन भांडायला लावतो. लिमोजच्या ललितकला संग्रहालयात त्याची चित्रं आहेत. खरेदीच्या आधी एक दिवस तिथे जाऊन उभे राहा, मग परत या चित्राकडे बघा.

घेतलंत तर : लाल सही काढायची का, हे इथल्या दुरुस्तीकाराशी बोलून ठरवा. मी असते तर आधी सगळ्या अवस्थांचे फोटो काढून मग ती उतरवली असती. भारतात आणताना युरोपबाहेर नेण्याच्या परवान्याचा प्रश्न येणार नाही, तो दीड लाख युरोंच्या वरच्या जुन्या चित्रांना लागतो. इकडे कस्टमला किंमत दाखवावी लागते, तेव्हा बिल जपा. आणि चित्र शंभरीला पोचल्यावर पुन्हा परदेशी न्यायचं झालं, तर आपला १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा आडवा येऊ शकतो, हेही आत्ताच डोक्यात ठेवा.

साताऱ्याच्या घरात पावसाळी वाऱ्याची बाहेरची भिंत सोडून आतल्या भिंतीवर लावा. भिंत आणि चित्र यांच्यात बोटभर हवा राहू द्या, मागे जाड पुठ्ठ्याचं पाठबळ द्या, नाहीतर आषाढात कॅनव्हास झोळ घेईल आणि मार्गशीर्षात ताणेल, आणि मग माझ्याकडे चिरांचे नवे फोटो येतील. वर पिवळा दिवा लावून भाजू नका. आणि कोणीही, अगदी कोणीही, 'कापलेल्या बटाट्याने पुसलं की उजळतं' म्हणालं तर त्यांना चहा द्या आणि बटाटा काढून घ्या.

सासऱ्यांना माझा नमस्कार. गुंठ्याचे पैसे अजून शाबूत आहेत, सांगा.

प्रश्न : इम्प्रेशनिस्ट आणि पोस्ट-इम्प्रेशनिस्ट यांत नेमका फरक काय? एकाच चित्रकाराला दोन्ही म्हटलेलं मी वाचलं आहे.
– एक वाचक, पणजी

उत्तर : बरोबर वाचलंत. इम्प्रेशनिस्ट हे नाव १८७४ च्या प्रदर्शनाला वर्तमानपत्री टोमणा म्हणून मिळालं आणि चित्रकारांनी ते अंगाला लावून घेतलं. पोस्ट-इम्प्रेशनिस्ट हे नाव मात्र १९१० मध्ये लंडनच्या ग्राफ्टन गॅलरीत रॉजर फ्रायने भरवलेल्या प्रदर्शनासाठी ठेवलं. तोवर व्हॅन गॉग, सरा, गोगँ आणि सेझान चौघेही जाऊन बसले होते. आपण पोस्ट-इम्प्रेशनिस्ट आहोत हे त्यांच्या गावीही नव्हतं.

ढोबळ सांगायचं तर पहिल्यांना त्या क्षणाचा उजेड पकडायचा होता. दुसऱ्यांना तेवढ्यावर समाधान नव्हतं, त्यांनी रंगाला किंवा घडणीला डोळ्याच्या आज्ञेतून मोकळं केलं. पण ही एकाच दिशेने गेलेली माणसं नव्हेत. सेझानचा डोंगर आणि गोगँची ताहिती यांचं आपसांत काय नातं? वरच्या उत्तरातला गियोमँ १८८६ च्या शेवटच्या इम्प्रेशनिस्ट प्रदर्शनापर्यंत त्या गटात होता आणि नंतर क्रोझांला त्याचे रंग असे भडकले की पुढच्या फॉव्ह मंडळींचा (भडक, मोकळे रंग वापरणारा विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा फ्रेंच गट) तो काका शोभावा. म्हणून त्याला दोन्ही पिशव्यांत टाकतात. विक्रीच्या चिठ्ठीवर हा शब्द दिसला तर इतकंच धरा की विक्रेत्याला काळ साधारण १८८५ ते १९१० सुचवायचा आहे आणि किंमत जरा वर ठेवायची आहे.

प्रश्न : ऑनलाइन ९,००० रुपयांना नदीचं एक फ्रेंच निसर्गचित्र घेतलं. हाताने रंगवलेलं आहे, सोनेरी फ्रेम आहे, सोबत प्रमाणपत्रही आलं. पुढे किंमत वाढेल का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही. तुम्ही पाठवलेल्या प्रमाणपत्रावर 'हाताने रंगवलेली प्रत' असं स्वच्छ लिहिलंय. म्हणजे विक्रेता खरं बोलला आणि तुम्ही योग्य पैसे दिलेत. एक काम मात्र आजच करा. पाठीमागे लाकडी चौकटीवर (कॅनव्हासवर नाही, दाब पडून पुढे उमटतं) मऊ पेन्सिलीने 'प्रत' असं आणि खरेदीचं साल लिहून ठेवा. पन्नास वर्षांनी तुमचं एखादं नातवंड सहीचा फोटो काढून या सदराकडे पाठवेल, तेव्हा इथे जी कोण बसलेली असेल तिचं एक पत्र कमी होईल.